माजी विद्यार्थ्यांची जागा

वसुंधरा खैरनार शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी राहतेय हे कळलं तेव्हा लहरीपुऱ्यातल्या मॅचिंग सेंटरचे शेठ गल्ल्यावरून हसले. "वसुबेन, तमे पण? आता अस्तर घ्यायला आलेल्या बायकांना भाषण ऐकवणार काय?"

"भाषण कसलं शेठ," हातातला तागा गुंडाळत वसुंधरा म्हणाली. "दोन शब्द बोलीन. ऐकायचं त्या ऐकतील."

त्या दुकानात तिची उमर गेली होती. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. बडोद्यातल्या निम्म्याअधिक मराठी बायका लग्नसराईत तिच्यासमोर साडीची घडी उलगडून उभ्या राहायच्या, आणि रंग जुळेपर्यंत कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं बोलून व्हायचं. तिला ओळखणारी माणसं अशी खूप होती. पण ओळखणं निराळं आणि मत देणं निराळं, हे तिला पहिल्या निवडणुकीत कळलं.

वाग्विलास शिक्षण मंडळ ही बडोद्यातल्या मराठी लोकांची जुनी संस्था. शाळा तिची, मैदान तिचं, आणि कार्यकारिणी निवडायची ती आजीव सभासदांनी. त्या कार्यकारिणीत एक जागा माजी विद्यार्थ्यांची होती आणि ती शितोळ्यांच्या घरात असायची. आधी भास्करराव शितोळे, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा समरजित. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं कुणाच्या मनातही येत नसे. समरजित तसा वाईट माणूस नव्हता. कुणाच्या घरी काही झालं की आधी धावून येणारा. फक्त ती जागा आपली नाही असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

वसुंधराचे वडील भुसावळहून आलेले, प्रतापनगरला रेल्वेत फिटर. ती त्याच शाळेत शिकली. पहिलीच्या इंदिराबाईंनी तिला हाताला धरून पहिलं अक्षर गिरवायला लावलं. पुढं लग्न झालं तेही त्याच शाळेतल्या मास्तरांशी. विश्वंभर खैरनार मराठी तिसरी-चौथीला शिकवायचा. शांत माणूस. वर्गात आवाज चढवायचा नाही की घरात नाही. त्यांची एकुलती मुलगी शर्वरी आता लग्न होऊन नाशिकला होती.

मराठी वर्गातली मुलं कमी होत गेली. दोन तुकड्यांची एक झाली, आणि एका उन्हाळ्यात विश्वंभरच्या हातात ऑर्डर पडली. त्यात त्याच्या नावापुढं 'फाजल' असा शब्द होता. म्हणजे जादा, नको असलेला. नोकरी जाणार नव्हती, पण शाळा बदलणार होती. सावली तालुक्याच्या गावापुढच्या एका खेड्यात, गुजराती शाळेत.

रोज सकाळी डबा घेऊन तो डेपोवर एसटी पकडायला जाऊ लागला. गुजराती त्याला काय नवी नव्हती. बडोद्यात वाढलेला माणूस, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी गुजरातीतच बोलणार. पण फळ्यावर लिहिणं निराळं. गुजराती अक्षरांना वर रेघ नसते, आणि त्याचा हात आयुष्यभर शिरोरेघ ओढत आलेला. शब्द लिहून झाला की खडू आपोआप डावीकडून उजवीकडं जायचा. मग मागून सगळा वर्ग ओरडायचा, "साहेब, लीटी! साहेब, लीटी!"

हे त्यानं एका संध्याकाळी चपला काढता काढता वसुंधराला सांगितलं. सांगताना तो हसत होता. हसता हसता मध्येच थांबला आणि तोंड धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. पुन्हा त्यानं ती गोष्ट काढली नाही. काही दिवसांनी राजीनामा देऊन घरी बसला.

वसुंधरा पेटली ती तेव्हापासून. दोन तुकड्यांची एक करण्याचा ठराव ज्या बैठकीत झाला तिथं माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून समरजित बसला होता, आणि त्यानं तोंड उघडलं नव्हतं. निवडणूक लागली तसा तिनं अर्ज भरला.

"कशाला?" विश्वंभरनं विचारलं.

"तुमच्यासाठी."

"मी म्हटलंय का तुला?"

"तुम्ही कधी काय म्हणता?" ती म्हणाली आणि पत्रकं घेऊन बाहेर पडली.

पहिला प्रचार तिनं सरळपणानं केला. मुलींची स्वच्छतागृहं, गळणारं छत, पिण्याचं पाणी. वाडीतल्या, दांडिया बाजारातल्या घरोघरी गेली. लोक चहा द्यायचे, मान डोलवायचे. शेवटच्या सभेत समरजित उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "वसुंधरावहिनी कर्तबगार आहेत, याबद्दल वादच नाही. पण आपल्या बडोद्याची एक रीत आहे. ती समजायला काही पिढ्या जाव्या लागतात." टाळ्या पडल्या. वसुंधराचा जन्म बडोद्याचा, शाळा बडोद्याची, संसार बडोद्याचा. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला वाटलं, आपण आत्ताच भुसावळच्या गाडीतून उतरलोय आणि कुणी सामानही उचलू देत नाहीये.

ती पडली, चांगलीच पडली.

दुसऱ्या वेळी ती उभी राहणार नव्हती. पण मधल्या काळात टाळेबंदीची दोन वर्षं गेली, शाळा पुन्हा उघडली तेव्हा मराठी पहिलीचा वर्ग निम्माही भरला नव्हता, आणि वर्ग बंद होणार अशी बातमी आली. इंदिराबाई तेव्हा अंथरुणालाच खिळल्या होत्या. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"वसे, तू उभी राहा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी नळाचं नि छताचं सांगत बसू नकोस. छत गळतंय म्हणून कुणी रडत नाही."

बाईंचं ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. हळदीकुंकवाचे दिवस होते. प्रतापनगरच्या एका हॉलमध्ये बायका जमल्या होत्या, तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, पत्रकावरचे मुद्दे सुरू केले. समोर वाण वाटण्याची गडबड, कुणाचं लक्ष नाही. मध्येच ती थांबली. काय होतंय हे तिचं तिला कळायच्या आत ती म्हणाली, "माझ्या यजमानांच्या हाताला शिरोरेघ सुटेना, म्हणून पोरं त्यांना हसली."

वाण वाटणारे हात थांबले.

मग तिनं सगळं सांगितलं. सावलीची एसटी, फळा, खडू, 'साहेब, लीटी'. चपला काढताना आलेलं हसू. तोंड धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, तेसुद्धा. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. सभा संपल्यावर बायका तिचा हात धरून म्हणाल्या, "वसुबेन, आमचं मत तुम्हालाच."

त्यानंतर तिनं ती गोष्ट सगळीकडं सांगितली. वाडीत, रावपुऱ्यात, गोरव्यात. सांगता सांगता ती घोटीव होत गेली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, तिला कळायला लागलं. दुकानातसुद्धा गिऱ्हाइकं विचारायची, "ती रेघेची गोष्ट काय हो?" शेठनंही एकदा ऐकली आणि गल्ल्याकडं बघत नुसतं "अरेरे" म्हणाले.

मतदानाच्या दिवशी इंदिराबाईंना रिक्षात आडवं घालून आणलं. वसुंधरा निवडून आली. समरजितनं स्वतः येऊन हार घातला आणि कानाशी म्हणाला, "वहिनी, तुम्ही आम्हाला हरवलं नाहीत. सरांनी हरवलं."

ती पेढे घेऊन घरी आली. विश्वंभर भाजीची पिशवी रिकामी करत होता. त्यानं एक पेढा घेतला, खाल्ला, मग म्हणाला, "आज मांडवीजवळ भाजीच्या लारीवाल्यानं पैसे घेतले नाहीत."

"का?"

"त्याची बायको तुझ्या सभेला होती. म्हणाला, मास्तर, तमारी साथे बहु खोटुं थयुं. फार वाईट झालं म्हणे माझ्याबरोबर." तो वांगी एकेक करून परातीत मांडत राहिला. "ते मी तुला सांगितलं होतं, वसू. तुला."

तिला खूप काही बोलता आलं असतं. तुमच्यासाठीच केलं, वर्ग वाचावा म्हणून केलं, लोक तुमच्याबद्दल किती चांगलं बोलतात ते ऐका. ती बोललीही त्यातलं थोडं. त्यानं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून तो बाजारात जायचा बंद झाला, आणि शाळेतलं, पूर्वीचं, कसलंच काही तिला सांगेनासा झाला.

कार्यकारिणीत बसल्यावर वसुंधराला बाहेरून न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. अध्यक्ष तात्यासाहेब ऐंशीच्या घरातले. त्यांना मराठी वर्गाचा जीव प्यारा होता, पण जून आला की तेसुद्धा कपाळाला हात लावायचे. मुलंच नव्हती. वर्ग कुणी बंद करत नव्हतं. तो आपला आपण बंद होत होता.

"मी मुलं आणते," वसुंधरा म्हणाली.

मराठी पहिलीला तेव्हा दीप्ती नावाची तरुण शिक्षिका होती. हसतमुख, गळ्यात शबनम, मुलांना हाताच्या बोटांवर बाहुल्या करून गोष्टी सांगायची. दोघी मिळून घरं हिंडू लागल्या. हाही प्रचारच होता, फक्त मत मागायचं नव्हतं, मूल मागायचं होतं. ज्या दारांतून तिला पूर्वी चहा मिळाला होता त्याच दारांत आता लोक उंबऱ्यावरच बोलून मोकळे व्हायचे.

गोरव्याला कुणाल नावाचा तिचा ओळखीचा मुलगा राहायचा. याच शाळेत शिकलेला, आता एका कारखान्यात सुपरवायझर. त्याची मुलगी पहिलीला जायची होती. त्यानं आदरानं बसवलं, सरबत दिलं. दीप्तीनं मुलीला जवळ घेऊन बोटांची बाहुली नाचवली, मुलगी खुदुखुदु हसली.

"कुणाल, एवढी एक दे," वसुंधरा म्हणाली.

तो अवघडला. "काकू, मत दिलं ना तुम्हाला. आता मुलगीपण द्यायची?"

"आपलीच शाळा आहे रे."

"आहे ना. पण खरं सांगू? तुमची ती सरांची गोष्ट ऐकून माझी आई रडली. मीही रात्रभर विचार केला. आणि त्याच दिवशी ठरवलं, पोरीला मराठीत घालायचं नाही." त्यानं दीप्तीकडं बघायचं टाळलं. "सरांसारख्या माणसाचं असं होतं, तर आमच्या पोरीचं काय होईल?"

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. रिक्षा फतेगंजच्या सिग्नलला थांबली तेव्हा दीप्ती एवढंच म्हणाली, "चुकीचं काही बोलले नाहीत ते."

बैठकीत ठराव आला: मराठी पहिली बंद करून त्या खोलीत इंग्रजीची नवी तुकडी. मतं अर्धी इकडं, अर्धी तिकडं. सगळे वसुंधराकडं बघत होते. तात्यासाहेबांनी चष्मा काढला. "वसुंधराबाई, तुम्ही घरोघरी फिरलात. तुम्ही सांगा."

तिला ठाऊक होतं की पहिली बंद झाली की सगळ्यात नवी शिक्षिका फाजल ठरणार. तिला हेही ठाऊक होतं की तीन-चार पोरांचा वर्ग वर्षभर ओढला तर पुढच्या जूनला हाच ठराव पुन्हा येणार, आणि तोवर इंग्रजीच्या तुकडीला आलेली मुलं दुसरीकडं गेलेली असणार. तिनं मान खाली घातली आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला. आपण खरं तेच केलं, असं तिला त्या क्षणी वाटलं. जिना उतरताना वाटेनासं झालं.

दीप्तीला करजणकडची एक शाळा मिळाली. गुजराती माध्यमाचीच.

पंधरवड्यानं वसुंधरा दुकानातून घरी आली तर दारात बायकांच्या चपला. आत विश्वंभर आणि दीप्ती समोरासमोर बसले होते, मध्ये एक छोटा फळा. दीप्ती गुजराती शब्द लिहीत होती.

"हात उचल," विश्वंभर म्हणत होता. "अक्षर झालं की हात लगेच उचलायचा. वर काही नाही, असं समज. आकाश मोकळं आहे."

दीप्तीचा हात तरीही उजवीकडं गेला. रेघ उमटली. दोघं हसले. कितीतरी वर्षांनी वसुंधरानं त्याला असं वर्गातलं हसताना पाहिलं. तिला बघताच दोघांचंही हसू विरलं. ती पिशवी घेऊन तशीच आत गेली आणि चहा टाकला.

दीप्ती निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी आली. "वसुंधराताई, राग नाही माझा. खरंच नाही. फक्त एक करा." तिनं ओढणी सारखी केली. "माझं कुठं सांगू नका."

तिसरी निवडणूक आली तेव्हा वसुंधराला प्रचार करावाच लागला नाही. समरजित घरी आला, बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी उभा राहत नाही, वहिनी. आता तिथं आहे काय? आमची मिताली परवा म्हणाली, पप्पा, ती शाळा अजून आहे? घरातली पोरगी असं विचारते." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला बघून वसुंधराला प्रथमच वाटलं की हा माणूसही कशावरून तरी उतरवला गेला आहे. दुसरं कुणीच पुढं आलं नाही. इंदिराबाई आदल्या थंडीत गेल्या होत्या. आजीव सभासदांपैकी बरेच जण गेले होते, काही मुलांकडं पुण्याला, परदेशात. वसुंधरा बिनविरोध निवडून आली.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात छोटा सत्कार ठेवला होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तात्यासाहेबांनी शाल घातली, दोन शब्द बोला म्हणाले. वसुंधरा उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ठरवायची गरज नसायची. तोंडातून आपोआप आलं, "माझ्या यजमानांच्या हाताला..."

आणि तिला विश्वंभर दिसला.

तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. इस्त्रीचा सदरा, हात मांडीवर. तिच्या एकाही सभेला तो कधी आला नव्हता. शाळेतसुद्धा त्या ऑर्डरनंतर पहिल्यांदाच पाय ठेवला असावा. तो तिच्याकडं सरळ बघत होता.

वसुंधराला पुढचा शब्द सुचेना. लोकांना वाटलं, भरून आलं. कुणीतरी टाळी वाजवली. ती "आभारी आहे" म्हणाली आणि खाली बसली.

दोघं चालत घरी आली. दांडिया बाजारातली दुकानं रविवारची बंद होती. तिनं पिठलं-भात केला, दोघं जेवायला बसली.

"थांबलीस का?" विश्वंभरनं विचारलं.

"तुम्ही होतात."

"मी ते ऐकायलाच आलो होतो." त्यानं भात कालवला. "इतक्या लोकांनी मला ती गोष्ट सांगितली. लारीवाल्यानं, न्हाव्यानं, दीप्तीच्या सासऱ्यांनी. तुझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. म्हटलं, एकदा ऐकू."

"नको हो."

"सांग. इथं कोण आहे?"

तो खरंच थांबून राहिला होता. तिनं सांगायला सुरुवात केली. एसटी, फळा, खडू. सभेत जिथं आवाज खाली यायचा तिथं तो तसाच खाली आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. "...सगळा वर्ग हसला," ती म्हणाली.

"सगळा नाही," विश्वंभर म्हणाला. "एक मुलगी होती, दुसऱ्या बाकावर. ती रोज उठायची आणि डस्टरनं नुसती वरची रेघ पुसायची. अक्षरांना धक्का लागू द्यायची नाही. मग म्हणायची, हवे बराबर, साहेब. आता बरोबर."

वसुंधरा त्याच्याकडं बघत राहिली. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तेही गेलं असतं."

तो रागानं बोलला नाही. उरलेला भात संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. वसुंधराचा हात ताटातच वाळला. दुपारी नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक होती. मराठी तिसरी-चौथी एकत्र करण्याचा विषय होता. फोन वाजला, वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिनं डाव्या हातानं उचलला.

"निघाले, तात्यासाहेब," ती म्हणाली, आणि उठून हात धुतला.